नावड ते वैर : इंग्रजी, तुर्की आणि मराठी

तीव्र नावड सांगायला इंग्रजीत शब्दांची मोठी रांग आहे. ‘डिसलाइक’ ही त्यातली सर्वांत सौम्य पायरी. ‘हेट’ हा जुना, घरगुती आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. त्याच्या भोवती ‘लोद’, ‘डिटेस्ट’, ‘ॲबहॉर’, ‘डिस्पाइज’, ‘अबॉमिनेट’ हे शब्द उभे असतात. कोशात ते एकमेकांचे समानार्थी म्हणून दिलेले दिसतात, पण प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे आणि त्या कथेचा काही अंश आजच्या वापरातही टिकून आहे. ‘ॲबहॉर’च्या मुळाशी लॅटिनमधले अंगावर काटा येणे आहे. ‘डिटेस्ट’मध्ये साक्षीदाराला लॅटिनमध्ये असलेला शब्द लपलेला आहे; देवाला साक्ष ठेवून शाप देणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘डिस्पाइज’ म्हणजे वरून खाली पाहणे. ‘डिसगस्ट’ जिभेच्या चवीतून आला, तर ‘अबॉमिनेट’ अपशकुनातून. म्हणून अन्यायाबद्दल ‘ॲबहॉर’ शोभतो, लाचारीबद्दल ‘डिस्पाइज’, आणि नासलेल्या अन्नाबद्दल या दोन्हींपैकी एकही नाही.

‘लोद’ची गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘एखाद्याला नकोसे होणे’ असा होता. नावडणारी वस्तू कर्ता असे आणि ज्याला ती नावडते तो माणूस चतुर्थीत असे. पुढे माणूस कर्त्याच्या जागी आला आणि वस्तू कर्म झाली. ‘लाइक’चेही तसेच झाले, पूर्वी त्याचा अर्थ ‘आवडणे’ म्हणजे एखाद्याला रुचणे असा होता. आजच्या इंग्रजीत जवळपास प्रत्येक नावड माणूस स्वतः ‘करतो’. ‘ते मला किळसवाणे वाटते’ अशा घाटाची वाक्ये अजून आहेत, पण ‘हेट’पुढे ती मागे पडली आहेत.

तुर्कीत या सगळ्या रांगेसमोर पहिला शब्द येतो तो ‘नेफ्रेत’. हा अरबी शब्द आहे, हिंदी-उर्दूतल्या ‘नफरत’चाच सख्खा भाऊ. त्याच्या धातूत बुजून दूर पळण्याचा, उधळण्याचा अर्थ आहे. ‘नेफ्रेत एत्मेक’ म्हणजे द्वेष करणे, आणि ज्याचा द्वेष करायचा तो तुर्कीत पंचमी विभक्तीत येतो. शब्दशः पाहिले तर तुर्की माणूस ‘तुझा’ नव्हे, ‘तुझ्यापासून’ द्वेष करतो. भिणे या क्रियापदालाही तुर्कीत पंचमीच लागते. प्रेम करण्याला मात्र द्वितीया. म्हणजे भीती आणि द्वेष या दोन्ही भावना त्या भाषेत माणसाला समोरच्यापासून दूर नेणाऱ्या आहेत. अरबी धातूतला पळ आणि तुर्की विभक्तीतले अंतर यांचा हा मेळ योगायोगाने बसला असेल, पण बसला आहे चपखल.

किळसेसाठी तुर्कीने परका शब्द घेतला नाही. ‘इय्रेन्मेक’ आणि ‘तिक्सिन्मेक’ ही दोन अस्सल तुर्की क्रियापदे आहेत आणि दोघांनाही पंचमीच लागते. अन्न, दुर्गंधी, हीन वागणूक या तिन्हींसाठी ती चालतात. पोटात ढवळले तर तुर्की माणूस ‘मिदेम बुलानियोर’ म्हणतो, म्हणजे माझे पोट गढूळ होते आहे. तुच्छतेसाठी ‘क्युच्युम्सेमेक’ आहे, ज्यात ‘लहान’ हा शब्द आहे, आणि ‘आशाउलामाक’ आहे, ज्यात ‘खाली’ हा शब्द आहे. इंग्रजी ‘डिस्पाइज’ला हेच दोन जवळचे. मनात साठवलेल्या वैरासाठी फारसीतून आलेला ‘किन’ आहे. तो धरला जातो किंवा पोसला जातो. तुर्कीत दोन्ही क्रियापदे त्याच्याबरोबर येतात. ज्याचे चांगले पाहवत नाही त्याच्यासाठी ‘चेकेमेमेक’ आहे, शब्दशः ‘न सोसवणे’. हेवा आणि नावड या दोन भावना या एका शब्दात एकत्र राहतात. आणि कोणाचे वाईट करण्याची संधी शोधत बसणाऱ्याला तुर्की ‘दिश बिलेमेक’ म्हणते, दाताला धार लावणे. ‘त्याचा माझ्यावर दात आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हा प्रयोग समजावून सांगावा लागत नाही.

१९२८ साली तुर्कस्तानाने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी घेतली आणि १९३२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की भाषामंडळाने अरबी-फारसी शब्द हुडकून काढून टाकण्याची मोहीम चालवली. हजारो शब्द गेले. शिसारीसाठी उस्मानी गद्यात असलेला ‘इस्तिक्राह’ हा भारदस्त शब्द आता कोशातच उरला आहे. पण ‘नेफ्रेत’, ‘किन’ आणि ‘द्युश्मान’ हे तीन शब्द हलले नाहीत. महाराष्ट्रातही असेच घडले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तरी ‘दुश्मन’ मराठीत राहिला आणि ‘दावा’ही राहिला. कारभाराचे शब्द हुकमाने बदलता येतात. रागालोभाचे शब्द माणसे घरात, लहानपणी शिकतात. त्यांच्यावर हुकूम चालत नाही.

तुर्की आणि मराठी यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती दख्खनच्या सुलतानशाह्यांत, आणि त्यात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीचा वाटा मोठा आहे. विजापूरला असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये नगरमध्ये ओतली गेली आणि ती ओतणाऱ्या कारागिराचे नाव मुहम्मद बिन हसन रूमी असे होते. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी मुलखातला. नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणाऱ्या चांदबिबीला अरबी, फारसी आणि तुर्कीबरोबर मराठी आणि कन्नडही येत असे, असे तिच्याविषयी सांगितले जाते. अर्थात मराठीत शब्द आले ते बहुतेक दरबारी फारसीच्या मार्गाने, तुर्कीतून थेट नव्हे. एकाच अरबी-फारसी साठ्यातून तुर्कीने एका बाजूने आणि मराठीने दुसऱ्या बाजूने माल उचलला. पुढे प्रत्येकीने त्याचे काय केले हे पाहण्यासारखे आहे.

‘दावा’ घ्या. मूळ अरबी अर्थ हक्काची मागणी. मराठीत दावा कोर्टात दाखल होतो, आणि ‘दावा साधणे’, ‘उभा दावा’ या प्रयोगांत तोच शब्द जुन्या वैराचा होतो. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरी. तुर्कीत ‘दावा’ म्हणजे खटला, आणि ‘कान दावासी’ म्हणजे रक्ताचे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वैर. एकमेकींशी न बोलता दोन्ही भाषा एकाच ठिकाणी पोचल्या. त्याचे कारण शेती करणाऱ्या समाजात शोधावे लागेल. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टात बांधाचे, वाटणीचे, विहिरीच्या पाळीचे दावे चालतात आणि भाऊबंदकी कोर्टाबाहेरही तेवढीच चालते. जिथे हक्काची मागणी आणि वैर एकाच बांधावर उगवते, तिथे दोन्हींना एकच शब्द पुरतो.

‘गरज’ने उलटी वाट धरली. अरबी ‘गरज’ म्हणजे नेम, उद्देश. मराठीत उद्देशावरून निकड, अडचण असा अर्थ झाला. गरजू माणसाविषयी मराठीत सहानुभूती आहे. तुर्कीत मात्र ‘गारेझ’ म्हणजे मनात धरलेला आकस. कोणाच्या वागण्यामागे काही उद्देश आहे असे म्हटले की तो वाईटच असणार, असे तुर्कीने गृहीत धरले. तुर्की शिकणारा मराठी माणूस या शब्दावर हमखास फसेल. खुद्द ‘आकस’ हाही अरबी ‘अक्स’वरून, म्हणजे उलट, विरुद्ध या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे मानतात, तुर्कीत ‘आक्सी’ म्हणजे तिरसट. आणि ज्या शब्दावर तुर्कीची सारी इमारत उभी आहे तो ‘नफरत’ मराठीत कधी घरचा झाला नाही. तो ऐकू येतो, पण हिंदी सिनेमाच्या चालीत.

मराठीला ‘नफरत’ची निकडही नव्हती, कारण तिच्यापाशी स्वतःचे पुष्कळ होते. संस्कृतातून आलेल्या शब्दांत ‘द्वेष’, ‘तिरस्कार’, ‘घृणा’, ‘जुगुप्सा’, ‘मत्सर’, ‘असूया’ आहेत. यातल्या ‘घृणा’चा इतिहास विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ दया, कळवळा असा होता. मराठी वर्तमानपत्रांत रोज छापल्या जाणाऱ्या ‘निर्घृण’ या शब्दात तो जुना अर्थ जिवंत आहे: निर्घृण म्हणजे ज्याच्यात दया नाही तो. आज ‘घृणा’ म्हणजे किळसमिश्रित तिरस्कार, आणि दयेचा अर्थ फक्त नकारात उरला. ‘राग’चेही असेच, संस्कृतात तो रंग आणि आसक्ती, मराठीत संताप. गीतेतले ‘रागद्वेष’ मराठी कानाला संताप आणि द्वेष असे ऐकू येते, आणि तिथेच वाचक चुकतो, कारण तिथे ओढ आणि दुरावा ही जोडी अभिप्रेत आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केले. बाराव्या अध्यायात भक्ताचे पहिलेच लक्षण ‘अद्वेष्टा’ हे आहे, आणि त्याचा विस्तार देशी मराठीत करताना त्यांना द्वेषाचा अभाव म्हणजे काय हे जमीन, पाणी, प्राण अशा रोजच्या गोष्टींतून उलगडावे लागले. द्वेष या विषयाचा मराठीतला पहिला सखोल विचार या जिल्ह्यात झाला असे म्हणायला हरकत नाही.

देशी शब्दांकडे वळले की अंग जागे होते. ‘किळस’, ‘शिसारी’, ‘तिटकारा’, ‘वीट’, ‘उबग’, ‘चीड’, ‘डूख’. शिसारी अंगावर येते, किळस पोटातून येते. वीट अतिपरिचयातून येतो; एके काळी आवडलेल्या गोष्टीचाही येतो, म्हणून तो किळसेपेक्षा दुःखाचा आहे. तिटकाऱ्यात शरीर कमी आणि मन जास्त. डूख सापाचा, आणि साप जसा धरून ठेवतो असे लोक मानतात तसा तो माणूस धरतो. वाक्प्रचारांत तर गावगाडा दिसतो. दोन घरांत ‘विस्तव जात नाही’ असे म्हणतात तेव्हा शेजारच्या चुलीतून निखारा मागून आणण्याच्या दिवसांची आठवण त्यात आहे. तेवढी देवघेवही तुटली, हा वैराचा कळस. ‘छत्तीसचा आकडा’ देवनागरी अंकांवरून सुचला, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. ‘पाण्यात पाहणे’, ‘डोळ्यांत सलणे’, ‘खार खाणे’ यांपैकी एकालाही इंग्रजी ‘हेट’ पुरेसा नाही.

या शब्दांचा खरा भेद त्यांच्या क्रियापदांत आहे. मराठीत किळस, शिसारी, वीट, उबग, चीड या गोष्टी माणसाला ‘येतात’, तिटकारा ‘वाटतो’. माणूस चतुर्थीत असतो, भावना बाहेरून येऊन त्याला गाठते. द्वेष, तिरस्कार, हेटाळणी माणूस ‘करतो’. डूख तो ‘धरतो’, आकस मनात ‘ठेवतो’. म्हणजे या भाषेत नावडीचे तीन वर्ग आहेत: आलेली, केलेली आणि जपलेली. पहिलीबद्दल माणसाला दोष देता येत नाही, दुसरीबद्दल येतो, तिसरीबद्दल सर्वांत जास्त येतो. मराठी मूलही ‘मला भाजीचा द्वेष येतो’ असे म्हणणार नाही. तुर्कीतही हे वर्ग अंधूक दिसतात. ‘बाना गिना गेल्दी’ म्हणजे हुबेहूब ‘मला वीट आला’. तिथेही माणूस चतुर्थीत आणि वीट चालत येतो. ‘किन’ धरण्यात आणि पोसण्यात जपलेली नावड आहे. इंग्रजीने मात्र ‘आय हेट’ या दोन शब्दांत तिन्ही वर्ग एकत्र केले. त्या भाषेत पाऊस, कारले, शेजारी आणि शत्रुराष्ट्र या सर्वांसाठी तेच क्रियापद चालते.

भाषांतरकारांना हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच भिडला, आणि तोही दोन दूरच्या शहरांत एकाच संस्थेच्या छत्राखाली. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उघडले. त्याच वर्षी त्याच बोर्डाचे विल्यम गुडेल कॉन्स्टँटिनोपलला पोचले आणि पुढे त्यांनी आर्मेनियन लिपीतले तुर्की बायबल तयार केले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोशही १८३१ चाच. त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली आणि मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये. तुर्कीसाठी हे काम जेम्स रेडहाउस यांनी केले आणि त्यांचा मोठा तुर्की-इंग्रजी कोश १८९० मध्ये कॉन्स्टँटिनोपलला अमेरिकन मिशनसाठीच छापला गेला. नगरच्या मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून निघू लागले होते. देवाला एखाद्या गोष्टीची पराकोटीची नावड आहे हे सांगायला या लोकांना शब्द हवा होता. मराठी बायबलातल्या नीतिसूत्रांत ‘अबॉमिनेशन’च्या जागी ‘वीट’ आला, आजच्या तुर्की बायबलात ‘इय्रेन्मेक’ आहे. मराठी निवड धाडसाची होती. वीट शब्दात सोसून सोसून थकल्याचा भाव आहे, आणि देवाच्या तोंडी तो घालताना त्याच्या कोपाला सहनशीलतेची पार्श्वभूमी मिळाली. किळस घातली असती तर ती मिळाली नसती.

शब्दांच्या या पायऱ्यांवर माणसाचे स्वातंत्र्यही अवलंबून असू शकते, हे मराठी मुलखाने न्यायालयात पाहिले. भारतीय दंडसंहितेच्या राजद्रोहाच्या कलमात ‘डिसअफेक्शन’ हा शब्द होता. १८९१ मध्ये कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ खटल्यात मुख्य न्यायमूर्ती पेथेराम यांनी त्याचा अर्थ प्रेमाच्या उलट भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष, असा लावला. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुरावरून लोकमान्य टिळकांवर मुंबईत खटला झाला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की प्रेमाचा अभाव म्हणजेच ‘डिसअफेक्शन’, आणि द्वेष, वैर, नावड, तुच्छता असे दुर्भावनेचे सर्व प्रकार त्यात सामावले. सौम्य नावड आणि उघड वैर यांतली सारी अंतरे एका व्याख्येने पुसली गेली. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८९८ मध्ये कलम बदलून त्यात ‘हेट्रेड’ आणि ‘कंटेम्प्ट’ हे शब्द स्पष्टपणे घातले गेले. १९०८ च्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरावर नेमके बोट ठेवले: मराठी शब्दांना दिलेले इंग्रजी प्रतिशब्द मुळापेक्षा भडक आहेत, आणि आरोप त्या प्रतिशब्दांवर उभा आहे. ज्यूरीत बहुसंख्य युरोपीय होते. शिक्षा सहा वर्षांची झाली.

पुढचा प्रसंग नगरचाच. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी टिळकांनी अहमदनगरला स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. त्यांच्यावरून आणि बेळगावच्या भाषणावरून पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली. न्यायमूर्ती बॅचलर आणि शाह यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचावे, त्याचा एकूण परिणाम पाहावा, सुटी वाक्ये उचलून त्यांवर निर्णय देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. कारभाराचा वीट येणे वेगळे आणि राजाविषयी द्वेष करणे वेगळे, हा मराठी कानाला सहज कळणारा भेद अखेर इंग्रजी न्यायासनासमोरही टिकला.

कायद्याची भाषा आजही या शब्दांवर चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये गटागटांत वैर, द्वेष किंवा दुर्भावना वाढवणे हा गुन्हा आहे. इंग्रजी मसुद्यात तीन वेगळे शब्द आहेत. तुर्की दंडसंहितेच्या कलम २१६ मध्ये लोकांना ‘किन’ आणि ‘द्युश्मानलिक’ यांस चिथावणे हा गुन्हा आहे, म्हणजे जपलेले वैर आणि उघड शत्रुत्व. तिथे ‘नेफ्रेत’ नाही. तो कलम १२२ मध्ये भेदभावाच्या संदर्भात येतो. चिथावणीचा गुन्हा ठरवताना तुर्की विधिकारांनी पळून जाणाऱ्या भावनेऐवजी धरून ठेवलेली भावना निवडली, हे विचारपूर्वक केलेले दिसते.

नावडीचा सर्वांत जड शब्द मात्र यांपैकी एकही नाही. तो ‘नकोशी’. त्यात द्वेष नाही, किळस नाही, वैर नाही; फक्त हवेपणाचा अभाव आहे, आणि तो मुलींना नाव म्हणून दिला गेला. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तुर्कस्तानात याच कारणाने मुलींना ‘येतेर’, म्हणजे ‘पुरे’, असे नाव ठेवण्याची रीत होती. इंग्रजी कोशाच्या तीव्रतेच्या उतरंडीत ‘नकोसे’ अगदी तळाशी येईल. जिला आयुष्यभर त्या नावाने हाक मारली गेली, तिच्या लेखी ते तळाशी नसते.

सध्याच्या मराठी गद्यात ‘हेट’च्या प्रत्येक रूपासाठी ‘द्वेष’ लिहिण्याची सवय वाढते आहे. ‘हेट स्पीच’ला द्वेषमूलक भाषण ठीक आहे, कारण तिथे द्वेष केला जातो. पण परीक्षेचा द्वेष, सोमवारचा द्वेष, कोथिंबिरीचा द्वेष असे लिहिणारा लेखक किंवा भाषांतरकार आलेली नावड आणि केलेली नावड यांची सरमिसळ करतो, आणि मग खरा द्वेष सांगायला त्याच्यापाशी वेगळा शब्द उरत नाही. प्रतिशब्द निवडताना आधी क्रियापद पाहावे: भावना आली आहे, केली आहे की धरून ठेवली आहे. ते ठरले की किळस, तिरस्कार आणि डूख यांपैकी कोणता शब्द घ्यायचा हे मराठी आपणहून सांगते.